फोर्क की क्लोन? दोन्ही कॉपीच, मग दोनदा कशाला

ओपन सोर्समध्ये (कोड सगळ्यांना खुला असलेल्या प्रोजेक्ट्समध्ये) पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशी विनंती, टाकायला बसलेल्यांचा सगळ्यात कॉमन घोळ हाच की फोर्क करायचं की क्लोन, कारण दोन्हीत प्रोजेक्टची कॉपीच तर मिळते ना. बघायचं एवढंच की कॉपी जाते कुठे. क्लोन केलं की ती तुमच्या लॅपटॉपवर येते, जुन्या सगळ्या कमिट्ससकट (कमिट म्हणजे सेव्ह केलेल्या बदलाची नोंद). फोर्क केलं की लॅपटॉपवर काहीच येत नाही, कॉपी गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच राहते, फक्त तुमच्या अकाउंटखाली.

शिवाय क्लोन ही खुद्द गिटची (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची) कमांड आहे, फोर्क नाही. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये गिट लिहिलं तेव्हा गिटहब नव्हतंच, ते आलं २००८ ला. फोर्कचं बटण ही गिटहब, गिटलॅब असल्या साइट्सनी दिलेली सोय, त्यामुळे टर्मिनलमध्ये 'गिट फोर्क' मारलंत तर अशी कमांडच नाही म्हणून सांगेल.

मग फोर्क हवाच कशाला? परवानगीसाठी. पब्लिक प्रोजेक्टचा कोड कोणीही क्लोन करू शकतं, पण त्यात पुश करायचा, म्हणजे आपले बदल तिथे चढवायचा, हक्क मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारे) आणि त्यांनी अ‍ॅक्सेस दिलेल्या लोकांनाच. नवीन माणूस काय करतो, मूळ रेपो (प्रोजेक्टचा सगळा कोड ठेवलेली जागा) थेट क्लोन करतो, तासन्‌तास बसून बग सोडवतो, कमिट पण नीट होतं (ते लोकल असतं, त्याला कोण अडवणार), आणि पुश मारलं की परमिशन डिनाइड, ४०३ चा एरर. मग पासवर्ड चुकला की टोकन (पासवर्डऐवजी वापरायची किल्ली) गंडलं हे शोधण्यात संध्याकाळ जाते, आणि टोकन बिचारं ठणठणीत असतं. फोर्क तुमचा स्वतःचा, तिथे पुश चालतं आणि तिथूनच मूळ प्रोजेक्टला पुल रिक्वेस्ट जाते.

असं अडकलात तर फोल्डर उडवून पहिल्यापासून सुरू करू नका प्लीज. 'गिट रिमोट -व्ही' मारा आणि ओरिजिनसमोर (क्लोन जिथून आला त्या पत्त्याचं नाव) कोणाचं अकाउंट दिसतंय ते बघा. मूळ प्रोजेक्टचं असेल तर साइटवर जाऊन फोर्क करा, 'गिट रिमोट रीनेम ओरिजिन अपस्ट्रीम' मारा, मग 'गिट रिमोट अ‍ॅड ओरिजिन' आणि पुढे तुमच्या फोर्कचा पत्ता. केलेली कमिट्स जागच्या जागी राहतात. अपस्ट्रीम, म्हणजे मूळ प्रोजेक्टचा पत्ता, तसंही लागणारच होतं, कारण फोर्क आपोआप अपडेट होत नाही, आणि शिळ्या फोर्कवर काम केलं की मर्ज कॉन्फ्लिक्ट (तुमचे आणि त्यांचे बदल एकमेकांवर आदळणं) सोडवत बसायची पाळी येते.

काही जण फोर्कचं बटण दाबायलाच घाबरतात, कारण ऐकलेलं असतं की २०१० मध्ये लिब्रेऑफिसवाल्यांनी ओपनऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरमधून फुटून वेगळी चूल मांडली. तसले फोर्क वेगळे. तुमच्या फोर्कने कोणाचं काही बिघडत नाही, काम झालं की डिलीट करा.

नुसता कोड वाचायचा किंवा चालवून बघायचा असेल तर क्लोन पुरे. मेंटेनरने राइट अ‍ॅक्सेस दिला असेल तरी बहुतेकदा फोर्क लागत नाही, मूळ रेपोतच ब्रांच (कामाची वेगळी फांदी) काढायची. आणि लिनक्स कर्नलसारख्या ठिकाणी पॅच (बदलांचा मजकूर) ईमेलने पाठवायचे असतात, तिथे गिटहबवर फोर्क करून पुल रिक्वेस्ट टाकलीत तर ती कोणी बघणारच नाही. म्हणून बटण दाबायच्या आधी रेपोतली 'कॉन्ट्रिब्यूटिंग' नावाची फाइल उघडा, बहुतेक ठिकाणी त्यांना काय हवंय ते तिथे लिहिलेलं असतं.