फॅन्सी नंबर प्लेट

वाहनाच्या नोंदणी क्रमांकातून एखादे नाव, नाते, देवनाम किंवा बिरुद वाचता यावे अशा बेताने तो क्रमांक निवडणे अथवा रेखाटणे, या प्रथेला महाराष्ट्रात फॅन्सी नंबर प्लेट असे म्हणतात. या नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र सांगितल्या जातात. पसंतीचा क्रमांक शासनाकडे शुल्क भरून घेणे हे पूर्णतः कायदेशीर आहे. मिळालेल्या क्रमांकाचे आकार मोडून तो शब्दासारखा लिहिणे हे नियमबाह्य आहे. प्रथेचे स्वरूप समजण्यासाठी हा भेद सतत ध्यानात ठेवावा लागतो. प्रस्तुत नोंदीत क्रमांक देवनागरी अंकांत दिले असले, तरी पाटीवर ते आंतरराष्ट्रीय अंकांतच असतात.

वाहनावर ओळखपाटी लावण्याची सक्ती पॅरिसच्या पोलिसांनी १४ ऑगस्ट १८९३ च्या आदेशाने केली, असे सामान्यतः मानले जाते. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटर कार कायद्यानुसार १ जानेवारी १९०४ पासून नोंदणी क्रमांक आवश्यक झाले. लंडनचा ‘ए १’ हा तेथील पहिला क्रमांक आणि ब्रिटिश सरदार अर्ल रसेल यांनी तो हौसेने मिळवला, ही कथा बहुतेक ठिकाणी आढळते. तथापि हेस्टिंग्ज येथील ‘डीवाय १’ हा नोव्हेंबर १९०३ मध्येच दिला गेल्याचे सांगितले जाते. त्यामुळे ‘ए १’ला प्रसिद्धीचा मान द्यावा, अग्रक्रमाचा नव्हे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अमेरिकेतील आरंभाविषयीही असाच मतभेद आहे. काहींच्या मते पेनसिल्व्हेनिया राज्याने १९३१ मध्ये मालकाची आद्याक्षरे पाटीवर येऊ दिली, तर काही जण कनेक्टिकटला १९३७ मध्ये हा मान देतात. दोन्ही मते स्वीकारली, तरी सवलत आद्याक्षरांपुरतीच होती हे स्पष्ट होते. पूर्ण शब्द पाटीवर येण्याची पद्धत नंतरची आहे.

भारतात प्रथेने वेगळे वळण घेतले आणि त्याचे कारण क्रमांकाच्या रचनेत आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ व केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ यांच्या अंमलानंतर रूढ झालेल्या क्रमांकात राज्याचे संकेताक्षर, परिवहन कार्यालयाचा अंक, मालिकेची अक्षरे आणि शेवटी चार अंक असतात. अक्षरे मालिकेनुसार ठरलेली असतात. मालकाला निवड करता येते ती प्रायः शेवटच्या अंकांचीच. अमेरिकन वाहनधारक अक्षरे मागून शब्द जुळवतो. येथे मात्र शब्द हवा असेल, तर अंकांनाच अक्षरांचे काम करावे लागते.

हे काम देवनागरीत विशेष साधते. ‘राम’ म्हणून वाचला जाणारा २१४ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. पेंटर प्रथम तिन्ही अंकांवरून एक सलग शिरोरेघ ओढतो. दोनाच्या तळाची आडवी रेघ तो उजवीकडे खाली कलती करतो, म्हणजे ‘र’ तयार होतो. एकाचे टोक व बैठक काढून टाकली की उरलेला दंड हा काना होतो. चाराचे डोके उघडे ठेवून त्याची डावी रेघ शिरोरेघेला भिडवली आणि कोपऱ्यात लहानशी गाठ दिली, की ‘म’ दिसू लागतो. तोच चार गाठ न देता, कोपरा गोल करून काढला तर ‘प’ होतो; ४९१२ हा क्रमांक ‘पवार’ असा वाचला जातो तो यामुळेच, कारण नवाची गाठ व उजवा दंड मिळून जवळजवळ आयता ‘व’ असतो. ४१४१ ‘पापा’ म्हणून, तर हात आणखी सैल सोडल्यास ‘दादा’ म्हणूनही रंगवला जातो. याउलट ८०५५ हा ‘बॉस’ रोमन अक्षरांशी असलेल्या साम्यावर उभा आहे आणि त्यासाठी अंकांत फारसा फेरफार करावा लागत नाही. नियमात बसणाऱ्या टंकातही तो वाचता येतो. ‘राम’ आणि ‘पवार’ यांना मात्र शिरोरेघेवाचून रूप येत नाही. लेखनकलेच्या दृष्टीने या दुसऱ्या प्रकारातले कसब मोठे आहे आणि ट्रकवर अक्षरे रंगवणाऱ्या पेंटरांच्या परंपरेशी त्याचे नाते उघड आहे. रेडियमचे कागद कापून चिकटवण्याची पद्धत आल्यावर तेच आकार दुचाकींवर सर्वत्र दिसू लागले.

पसंतीच्या क्रमांकांसाठी परिवहन कार्यालयात अर्ज करावा लागतो. एकाच क्रमांकाला अनेक अर्ज आल्यास जादा रकमेचे धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) बंद पाकिटात मागवून सर्वाधिक रकमेच्या अर्जदाराला तो दिला जातो. महाराष्ट्रात २०२४ मध्ये हे शुल्क वाढवण्यात आले व चारचाकीच्या ०००१ या क्रमांकाचे मूळ शुल्क ३ लाखांवरून ५ लाख रुपये झाले. मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत ते याहून अधिक आहे. जन्मतारीख, ७८६ किंवा अंकांची बेरीज ९ येणारे क्रमांक यांनाही मागणी असते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ५० अन्वये पाटीवरील अक्षरे इंग्रजी व अंक आंतरराष्ट्रीय रूपातलेच असावे लागतात. नियम ५१ अंकांची मापे ठरवतो : मोटारीसाठी उंची ६५ मिमी, रेघेची जाडी १० मिमी आणि दोन अंकांतील अंतर १० मिमी. हा काटेकोरपणा अनाठायी नाही. अपघात करून पळालेल्या गाडीचा क्रमांक साक्षीदाराला क्षणभरच दिसतो. त्याने ‘राम’ वाचले, तर पोलिसांना २१४ मिळेलच असे नाही. कॅमेऱ्यावरून पाठवल्या जाणाऱ्या ई-चलनातही असा अंक चुकीचा वाचला जाऊन दंड भलत्याच्या नावावर पडू शकतो.

उच्च सुरक्षा नोंदणी पाटीची तरतूद २००१ मध्ये झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तिच्या निविदा प्रक्रियेविषयीची आव्हाने फेटाळली, आणि १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना ती सक्तीची झाली. अॅल्युमिनियमच्या या पाटीवर अशोकचक्राचे होलोग्राम, लेसरने कोरलेला ओळख क्रमांक आणि उठावाचे अंक असतात व ती न उघडणाऱ्या कुलुपाने बसवली जाते. जुन्या वाहनांसाठी महाराष्ट्रात मुदत वारंवार वाढवण्यात आली. साच्यातून निघणाऱ्या या अंकांवर पेंटरचा हात फिरत नाही. त्यामुळे ‘आईचा आशीर्वाद’, ‘बघतोय काय रागाने, ओव्हरटेक केलंय वाघाने’ यांसारखा मजकूर आणि रंगीत नावे आता प्रामुख्याने मागच्या काचेवर, मडगार्डवर व इंधनटाकीवर आढळतात.