नळ्या मुक्या, सूर पितळेचा

दिवाळीच्या आसपास फोनवर एक चित्रफीत फिरत होती. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतला जुना वाडा, माजघरात कपाटाएवढं लाकडी वाद्य, त्याच्या डोक्यावर ओळीनं उभ्या सोनेरी नळ्या, आणि खाली मजकूर: 'घरात जपलेला शंभर वर्षांचा पाईप ऑर्गन! ४३२ हर्ट्झवर लावलेला, ऐकणाऱ्याचे आजार बरे करणारा!' मी आयुष्यभर शाळेत ध्वनी शिकवला. पाईप ऑर्गन खाजगी घरात असणं युरोपातही दुर्मीळ, आपल्याकडे तो बघायचा तर मुंबईच्या होली नेम कॅथेड्रलसारख्या ठिकाणी जावं लागतं. पत्ता काढून दुसऱ्याच दिवशी वाड्यावर गेलो.

वाड्याच्या मालकांना सगळे आबा म्हणतात. त्यांच्या आजोबांनी हे वाद्य एका नाटक कंपनीकडून घेतलं होतं. आबांनी पायाखालच्या दोन पाट्या आळीपाळीनं दाबल्या, नांदीच्या दोन ओळी वाजवल्या. सूर भरदार होता, पण कान लगेच ओळखतो: नळीचा नव्हे, पातीचा. मी हात वर करून एका सोनेरी नळीवर टिचकी मारली. भरीव लाकूड. वर सोनेरी रंग.

"म्हंजे नळ्या खोट्या म्हंता व्हय सर?" आबांचा चेहरा उतरला.

खोट्या नव्हेत, शोभेच्या. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पायानं भाता चालवायचे ऑर्गन घरोघरी जायचे. व्हरमाँटमधल्या एस्टी या एकाच कंपनीनं असे पाच लाखांवर ऑर्गन बनवले. प्रार्थनामंदिरासाठी घेणाऱ्याला चर्चमधल्या मोठ्या वाद्याचा थाट हवा असे, म्हणून वर नुसत्या दिखाऊ नळ्या बसवत. आपल्या नाटकवाल्यांनी तेच वाद्य उचललं आणि त्याला चोख नाव दिलं: पायपेटी. १८८० साली संगीत शाकुंतल रंगभूमीवर आलं, त्यानंतरच्या काळात ध्वनिवर्धक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत गायकाचा षड्ज धरून ठेवणारं वाद्य लागत होतं, आणि ऑर्गन ते काम करत होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर उभारलं, पुढे त्यालाच केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळताना ज्यांनी पाहिलं, त्यांना जुनी नाट्यवस्तू घरात सांभाळणाऱ्या माणसाबद्दल काय वाटतं ते वेगळं सांगायला नको.

तर नळी आणि पाती. दोन्हीत वारा लागतो, पण सूर ठरवणारा मालक वेगळा.

नळीच्या ऑर्गनमध्ये वाजतो तो नळीतला हवेचा स्तंभ. बासरीसारखंच: वाऱ्याची पातळ पट्टी तोंडाच्या धारेवर आदळते, कधी आत वळते कधी बाहेर, आणि आतला स्तंभ तिला आपल्या तालावर नाचवतो. स्तंभ जितका लांब तितका सूर खाली. दोन्ही टोकं उघडी असलेली सुमारे २.४ मीटरची, म्हणजे आठ फुटांची नळी सेकंदाला सुमारे ६५ कंपनं देते. त्याखालचं सप्तक हवं तर सोळा फुटी नळी, म्हणजे वाड्याचं माळवद फोडायची वेळ. वरचं टोक बुजवलं तर निम्म्या लांबीत तोच सूर मिळतो, म्हणून घरगुती पाईप ऑर्गन बनवणारे बुजवलेल्या लाकडी नळ्या वापरतात. त्यातून विषम पटीचेच उपस्वर, म्हणजे मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट कंपनांचे सोबतीचे सूर, ठळक निघतात, त्यामुळे आवाज थोडा पोकळ येतो.

पायपेटीत मात्र तोच ६५ कंपनांचा खर्ज बोटाएवढी पितळी पाती देते. पेटीवाले या पातीलाच 'सूर' म्हणतात, आणि मला तो शब्द फार आवडतो. आबांकडच्या पेटीच्या मागची फळी काढली, आकडीनं एक सूर ओढून बाहेर घेतला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. पितळेची चौकट, तिच्यात लांबट खाच, खाचेवर एका टोकाला रिव्हेटनं पक्की केलेली पाती. पाती खाचेपेक्षा केसभर अरुंद, आणि मोकळं टोक किंचित वर उचललेलं. बस्स, एवढंच यंत्र.

ही पाती कंप का पावते, हे मी मुलांना दरवर्षी विचारायचो आणि दरवर्षी एकच उत्तर यायचं: वारा लागतो म्हणून. पण वारा तर एकाच दिशेनं, एकसारखा ओढला जातोय. एकसारख्या जोरानं पाती वाकेल आणि वाकलेलीच राहील. शाळेच्या बाकावर पट्टी दाबून धरा आणि तिच्या टोकावर वजन ठेवा, पट्टी झुकून थांबते, गुणगुणत नाही. मग पाती थांबत का नाही?

उत्तर घरच्या नळात आहे. पाणी जोरात वाहत असताना तोटी फटकन बंद केली की भिंतीतला पाईप धाडकन वाजतो. वाहत्या पाण्याला जडत्व असतं, त्याला एकदम थांबता येत नाही, मागचं पाणी पुढच्यावर चढतं आणि क्षणभर दाब वाढतो. हवेलाही जडत्व असतं. पाती खाचेकडे झुकते तशी फट बंद होऊ लागते. आत धावणारी हवा थांबायला तयार नसते, ती पातीच्या पाठीवर दाटते आणि पातीला आत आणखी एक ढकल देते. मग पातीचा लवचीकपणा तिला परत खेचतो, फट उघडू लागते. आता हवा थबकलेली असते, तिला पुन्हा वेग घ्यायला वेळ लागतो, म्हणून परतीच्या वाटेवर पातीला होणारा विरोध कमी असतो. जाताना ढकल जास्त, येताना अडवणूक कमी. प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा शिल्लक उरते, आणि ती घर्षणात नि आवाजात जाणाऱ्या ऊर्जेची भरपाई करते. झोक्यावरच्या पोराला आपण नेमक्या वेळी हात लावतो तसंच, फक्त इथे वेळ साधणारा हात म्हणजे हवेचं जडत्व.

गणिताच्या भाषेत, जोर हा पातीच्या जागेवरच नव्हे तर तिच्या वेगावरही अवलंबून असतो, आणि वेगाच्या दिशेनं असलेला जोराचा घटक ऋण अवमंदनासारखा वागतो (अवमंदन म्हणजे कंपन विझवत नेणारा विरोध). कंपनाचं समीकरण मांडलं तर अवमंदनाच्या पदाचं चिन्ह उलटं होतं आणि उत्तर लहान होत जाण्याऐवजी वाढत जातं. ते अनंत वाढत नाही, कारण मोठ्या हेलकाव्यात पाती खाचेच्या पार पलीकडे जाते, फट दुसऱ्या बाजूनं उघडते आणि हिशेब बदलतो. समीकरण नको असेल त्यांनी तोटी लक्षात ठेवावी.

आणखी एक गंमत. पाती स्वतः बऱ्यापैकी साधी, गुळगुळीत डोलते. पण तिच्यामुळे हवा मात्र तुकड्या-तुकड्यांत कापली जाते: उघड-मीट, उघड-मीट. मधल्या सप्तकातल्या ४४० च्या सुराला सेकंदाला ४४० झुळका. असा कापलेला प्रवाह उपस्वरांनी खच्चून भरलेला असतो, म्हणून पेटीचा आवाज एवढा धारदार.

या सगळ्याला लागणारा दाब ऐकून आबा चकित झाले. नळीच्या ऑर्गनमध्ये वाऱ्याचा दाब साधारण ७५ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा असतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी. पायपेटीतही काही सेंटिमीटरचाच मामला, फक्त उलटा: हातपेटीचा भाता हवा ढकलतो, अमेरिकी पायपेटीचा भाता शोषतो. शहाळ्यातलं पाणी नळीनं ओढताना आपण याच्या दुप्पट जोर लावतो.

आता ४३२ हर्ट्झ. या आकड्याला 'निसर्गाचा सूर' म्हणून विकणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो: कुठल्या तापमानाला? हवेतला ध्वनीचा वेग २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर असतो आणि दर अंशाला सुमारे ०.६ मीटरनं वाढतो. नळीची लांबी जवळपास तेवढीच राहते, म्हणून वेग वाढला की सूर चढतो, अंशाला सुमारे ३ सेंट. शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं, म्हणजे पांढरी एक ते काळी एक एवढं अंतर १०० सेंटचं. ३० अंशांच्या दुपारी ४४० ला लावलेली नळी २० अंशांच्या सकाळी आपोआप ४३२-४३३ वर येते. म्हणजे दुपारी रोग होणार आणि सकाळी बरा होणार? शिवाय हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती, आणि सेकंद माणसानं ठरवलेला. संगीतानं मन हलकं होतं, ते मी रोज अनुभवतो. त्यासाठी आकड्याचा ताईत लागत नाही.

कोल्हापूरचाच हिशेब घ्या. डिसेंबरातली १५ अंशांची पहाट आणि एप्रिलातली ३८ अंशांची दुपार, एवढ्यात नळी ६६ सेंट चढते, अर्ध्या सुराच्या दोन तृतीयांश. बासरीवाले हे अनुभवानं जाणतात. पितळी पातीचं उलटं: उष्णतेनं पितळ किंचित नरमतं, सूर उतरतो, पण तेवढ्याच फरकाला फार तर सात-आठ सेंट. म्हणून नळ्या आणि पात्या एकाच वाद्यात असलेले ऑर्गन हवा बदलली की आपसात भांडतात. मी जुन्या सागवानी पट्ट्यांची एक बुजवलेली नळी करून आबांच्या पेटीशेजारी ठेवली आहे. थंडीत पेटीशी जुळवली होती. चैत्रात दोन्ही एकदम वाजवल्या तर ठोके, म्हणजे दोन सूर जरासे बेजुळ असले की आवाजात येणारे चढउतार, इतके दाट की आबा म्हणाले, "ह्ये तर भांडायल्यात की!"

सांभाळायचं ते मुख्यतः पावसाळ्यात. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत मात्र हवेतल्या दमटपणाप्रमाणे फुगतं. उन्हाळ्यात ३० टक्के सापेक्ष आर्द्रतेत लाकडात वजनाच्या सुमारे ६ टक्के पाणी असतं, ९० टक्क्यांत ते २० टक्क्यांकडे जातं. तीस सेंटिमीटर रुंद फळी जातीप्रमाणे आणि कापाप्रमाणे काही मिलिमीटर रुंदावते. झडप अडकायला त्याच्या दहाव्या हिश्शाचा फरक पुरतो. आबांकडे आषाढात वाजवणारा उठून गेला तरी एक सूर हुंकारत राहायचा. कुणीतरी शांत करून घ्यायला सांगितलं होतं, नारळही फुटला होता. झालं होतं एवढंच: फुगलेली पट्टी खालीच अडकली, तिची झडप उघडी राहिली, आणि भात्यात उरलेली ओढ संपेपर्यंत तो सूर वाजत राहिला. भाता जितका चांगला, तितका हुंकार लांब. खरं तर ते वाद्याच्या तब्येतीचं लक्षण होतं.

उपाय साधा आहे. पेटी बाहेरच्या ओल्या भिंतीपासून आतल्या भिंतीकडे घेतली, मागे हातभर जागा सोडली. पेटीच्या आतली हवा चार-पाच अंश गरम ठेवली तरी बरंच साधतं: २५ अंशांना ९० टक्के असलेली हवा ३० अंशांना ६७ टक्क्यांवर येते, एक थेंब पाणी न काढता. त्यासाठी कमी ताकदीची, झाकलेली तापपट्टी हवी. भात्याच्या कापडाशेजारी उघडा दिवा ठेवायची पद्धत मी पाहिली आहे, ती कृपा करून करू नका.

सुरांवर तेल कधीच सोडू नये. धूळ चिकटते आणि केसभर फट बुजून सूर मुका होतो. कोरडा मऊ कुंचला पुरे. जुने सांधे सरसानं जोडलेले असतात, सरस कोमट पाण्यानं सुटतो, म्हणून दुरुस्ती पुन्हा करता येते. बाजारातला पांढरा गोंद एकदा भरला की पुढच्या कारागिराला लाकूडच फोडावं लागतं. झडपेच्या कातड्यासाठी आबांनी आधी चपलेच्या कारागिराकडचं कातडं आणलं होतं. ते पायाखाली उत्तम, झडपेवर फार कडक. तिथं मऊ मेंढीचं कातडं लागतं. स्प्रिंग उद्यमनगरात नमुना दाखवून करून मिळाल्या. सूर जुळवणारा माणूस मिरजेहून येतो. तो कानशीनं टोकाजवळ घासतो तेव्हा पाती टोकाला हलकी होऊन सूर चढतो, मुळाशी घासतो तेव्हा ती लवचीक होऊन उतरतो. घासलेलं पितळ परत येत नाही, म्हणून त्याला वर्षाआड एकदाच बोलावायचं, तेही पावसाळा संपून लाकूड स्थिर झाल्यावर.

ज्यांना खऱ्या नळ्यांचाच ध्यास आहे त्यांनी फिलिपीन्समधल्या लास पिन्यासचा ऑर्गन डोळ्यांपुढे ठेवावा. १८२४ साली पुरा झालेल्या त्या वाद्यात १,०३१ नळ्या आहेत आणि त्यांतल्या ९०२ बांबूच्या. कीड लागू नये म्हणून बांबू आधी समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवले होते. आपल्यासारख्याच दमट हवेत दोनशे वर्षांनंतरही ते वाजतायत. शिसं-कथलाच्या नळ्यांना वेगळाच शत्रू असतो: लाकडातून, विशेषतः ओकमधून, सुटणारी व्हिनेगरची आम्लवाफ. ती शिशाला खाते आणि पांढरी पूड उरते. जुने रंगारी शिशावर व्हिनेगरची वाफ सोडूनच सफेदा बनवत. युरोपातल्या कित्येक ऐतिहासिक ऑर्गनांच्या नळ्यांना या रोगानं भोकं पडली आहेत. बांबूला ही भीती नाही. पन्हाळ्याकडचा बांबू वापरून निदान एका सप्तकाचा ऑर्गन कोल्हापुरात कुणीतरी करावा, असं मला फार वाटतं. लांब्यांचा हिशेब मी करून देईन.

गेल्या आठवड्यात आबांचा निरोप आला, मधल्या सप्तकातली पांढरी चार बोलेना. मागची फळी काढली, आकडीनं सूर ओढला. खाचेत पतंगाच्या पंखाचा एक तुकडा अडकला होता. कुंचल्यानं काढला, सूर जागेवर सारला. आबांनी पाट्या दाबल्या आणि पट्टीवर बोट ठेवलं.

"बोललं की!" ते म्हणाले, आणि लगेच नांदी सुरू केली.