गडद राखाडी गृहसजावट (नागपूर)
घराच्या भिंती, फरशी, पडदे किंवा लाकूडकामासाठी काळ्याकडे झुकलेल्या राखाडी छटा वापरण्याची पद्धत. रंगाच्या दुकानात या छटांना ‘चारकोल’ किंवा ‘स्लेट’ म्हणतात, घरात मात्र ‘कोळशी’ नाहीतर सरळ ‘काळपट’. मराठीत पारवा हा सुरेख शब्द आहे, पण तो फिक्या, निळसर छटेचा.

डब्यातला हा रंग नागपुरात अलीकडचा असला तरी दगडातला जुनाच आहे. शहर दख्खनच्या बसाल्ट पठाराच्या पूर्व कडेला वसले आहे आणि सीताबर्डीची टेकडी त्याच खडकाची. महाल या भागातला भोसल्यांचा राजवाडा काळ्या बसाल्टचा होता, त्यावर लाकडी कोरीवकाम होते. तो १८६४ मध्ये जळाला. काळसर दगड आणि तपकिरी सागवान ही जोडी त्या राजवाड्याच्या काळापासून ओळखीची. गडद भिंतीपुढे आजोबांच्या वेळचे सागाचे कपाट जसे खुलते, तसे चकचकीत सनमायकाचे खुलत नाही. स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा तर कुणी ‘सजावट’ म्हणून मोजतही नाही.

गडद रंगाने खोली तापते, हा समज अर्धाच खरा आहे. जिथे ऊन थेट पडते, तिथे तो लागू होतो. पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या शहरात पश्चिमेची बाहेरची भिंत किंवा स्लॅब गडद रंगवणे हा शुद्ध अविचार. आतल्या भिंतीवर ऊन येत नसेल तर उष्णतेचा फरक नगण्य. तिथे खर्ची पडतो तो उजेड. पांढरी भिंत पडलेल्या प्रकाशातला सुमारे ८० टक्के भाग परत देते, कोळशी छटा जेमतेम १०. त्यात मे महिन्यात दुपारभर खिडक्या बंद आणि पडदे ओढलेले. म्हणून चारही भिंती गडद न करता पलंगामागची किंवा टीव्हीमागची एकच भिंत निवडणे शहाणपणाचे. दिवा २७०० ते ३००० केल्व्हिनचा (प्रकाशाच्या रंगछटेचे माप), म्हणजे पिवळसर हवा. ६५०० च्या पांढऱ्या ट्यूबखाली हीच भिंत निळसर, आजारी दिसते. छत आणि देवघर बहुतेक घरांत फिकेच राहते, कारण शुभकार्याच्या जागी काळपट रंग थोरांना रुचत नाही.

खरी परीक्षा कूलर घेतो. खिडकीतल्या कूलरचे तुषार शेजारच्या भिंतीवर उडतात. पाणी जड असेल तर ते वाळल्यावर पांढरे ठिपके मागे राहतात. खालच्या बाजूला ओल मुरली की लोणा, म्हणजे भिंतीतला पांढरा क्षार, फुटतो. नखाने खरवडला तर पिठासारखा झडतो. पांढऱ्या भिंतीवर हे वर्षानुवर्षे लपून जाते. इथे दारातूनच दिसते. आधी ओल बंद करावी, मगच रंगाचा विचार करावा.

गडद छटा ज्या बेसमध्ये (दुकानात रंग मिसळण्याआधीच्या मूळ पेंटमध्ये) मिसळतात त्यात पांढरे रंगद्रव्य कमी असते. त्यामुळे साध्या पांढऱ्या प्रायमरवर दोन हात पुरत नाहीत. प्रायमरच राखाडी करून घ्यावा. मॅट फिनिश पुट्टीचे चढउतार झाकतो, पण हात किंवा खुर्चीची पाठ घासली की तिथे चकाकी येते. उरलेल्या डब्यातून तेवढाच डाग रंगवला तर ठिगळ वेगळे उठून दिसते. म्हणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत पुन्हा मारावी लागते.