मायर्स यांचा तक्ता

२ जुलै १९९२ रोजी कॅनडाच्या सरकारने न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड हा मासा मारायला बंदी घातली. सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला. थंड पाणी, मासे खाणारे सील यांच्यावर खापर फुटत होतं. सरकारी मत्स्यखात्यातच काम करणारे रॅन्सम मायर्स मात्र ठामपणे सांगत होते, कॉड संपला तो अति मासेमारीने.

अंडी घालणारे मासे कमी उरले, तर पिल्लंही कमी होतात का? ऐकायला सोपा वाटला, तरी हा प्रश्न एकाच ठिकाणच्या आकड्यांतून सुटत नाही, कारण पाणी आणि खाद्य बदललं की पिल्लांची संख्या दरवर्षी खालीवर होते. म्हणून मायर्स यांनी देशोदेशींच्या अहवालांतून शेकडो मत्स्यसाठ्यांचे (साठा म्हणजे एका भागातले एका जातीचे मासे) आकडे उतरवून घेतले. एकेक ओळ अशी: वर्ष, अंडी घालणाऱ्या माशांचं वजन, त्या वर्षीची किती पिल्लं जगून मोठी झाली. उत्तर आलं: हो, कमी होतात. मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. हा सगळा तक्ता त्यांनी इंटरनेटवर कुणालाही घेता येईल असा ठेवला.

२००६ मध्ये सागरी जीवशास्त्रज्ञ बोरिस वर्म आणि सहकाऱ्यांनी लिहिलं, की हाच कल राहिला तर २०४८ पर्यंत मासेमारीचे सगळे साठे कोसळतील. अमेरिकेतले मत्स्यतज्ज्ञ रे हिलबॉर्न कडाडून विरोधात गेले. पकड घटली म्हणजे समुद्रातला मासाच घटला असं होत नाही, हा त्यांचा मुद्दा. २००७ मध्ये मायर्स वारले. त्यानंतर वर्म आणि हिलबॉर्न हे दोन्ही विरोधक एकत्र बसले आणि मायर्स यांच्याच धर्तीवर नवा तक्ता उभा राहिला. २००९ च्या त्यांच्या संयुक्त लेखात दोघांचंही थोडं थोडं खरं ठरलं: अभ्यासलेल्या १० पैकी ५ सागरी प्रदेशांत मासेमारीचा ताण उतरला होता, पण ६३ टक्के साठे अजून सावरायचे होते. मायर्स यांच्या पूर्ण नावाच्या (रॅन्सम ऑल्ड्रिच मायर्स) आद्याक्षरांवरून 'रॅम' नाव मिळालेला हा खुला संग्रह २०१२ मध्ये रीतसर मांडला गेला.

त्यात भरणा होता युरोप, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडचा. उष्ण समुद्रातले साठे फार थोडे. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसं ठरावीक दिवशी बंदरावर जाऊन, काही होड्या निवडून, बोंबील किती, कोळंबी किती हे टिपतात. त्या नमुन्यावरून वर्षाची एकूण आवक काढली जाते. मायर्स यांच्या तक्त्यातला दुसरा रकाना, समुद्रात उरलेल्या माशांचा, त्या वहीत नसतो.