वकिलातीची मोटार: करसवलत, नोंदणी आणि विक्रीचे नियम

परदेशी वकिलातीला मोटारीवर करसवलत किती मिळेल, हे नुसत्या हुद्द्यावर ठरत नाही. त्या देशात आपल्या वकिलातीला काय मिळतं, तेही पाहिलं जातं. राजनैतिक संबंधांबाबतच्या 1961 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 47 मध्ये अशा जशास तशा वागणुकीला जागा आहे. म्हणून शोरूम गाठण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाचं प्रमाणपत्र नीट वाचा.

मानद वाणिज्यदूतांची (पूर्णवेळ नोकरीत नसलेल्या परदेशी प्रतिनिधींची) इथे हमखास फसगत होते. वाणिज्यदूतांबाबतच्या 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 62 मध्ये त्यांच्या कार्यालयासाठी करमुक्त आणता येणाऱ्या वस्तूंची यादी आहे. तिच्यात झेंडे, शिक्के, पाट्या, फर्निचर आहे, मोटार नाही.

गाडी भारतात घेतली तर जीएसटी आधी भरावा लागतो, परतावा नंतर मिळतो. त्यासाठी वकिलातीचा यूआयएन (जीएसटीसाठी दिलेला खास ओळख क्रमांक) पक्क्या बिलावर छापलेला हवा. डीलर सवयीने फक्त नाव टाकतो आणि पुढे दावा अडकतो. बिल हातात पडताच तपासा. अर्ज तिमाहीला आरएफडी-10 या परताव्याच्या फॉर्ममध्ये करायचा, सोबत जीएसटीआर-11 हे खरेदीचं विवरणपत्र. मुदत तिमाही संपल्यापासून दोन वर्षं. गाडी मिळाल्यापासून तीन वर्षं विकणार नाही, असं हमीपत्रही द्यावं लागतं. ते मोडलं तर परतावा परत भरायचा.

नोंदणीचा अर्ज फॉर्म 42 मध्ये, मिशनप्रमुखांमार्फत (वकिलातीच्या किंवा वाणिज्यदूतावासाच्या प्रमुखांमार्फत) जातो. थेट आरटीओच्या खिडकीवर नाही. विक्री प्रमाणपत्र (फॉर्म 21), रस्त्यायोग्यतेचं प्रमाणपत्र (फॉर्म 22) आणि विमा जोडा. आयात गाडी असेल तर सीमाशुल्काचे कागदही लागतात. पाटीवर आधी देशाचा क्रमांक (अमेरिकेचा 77), मग राजनैतिक गाडीला सीडी किंवा वाणिज्यदूतावासाच्या गाडीला सीसी, शेवटी गाडीचा क्रमांक. विम्यात हयगय नको. 1963 च्या कराराचं कलम 43 अपघाताच्या भरपाईच्या दाव्यापासून संरक्षण देत नाही आणि कलम 56 तृतीय पक्ष विम्याचे स्थानिक नियम पाळायला लावतं.

अशी जुनी गाडी तुम्ही विकत घेणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 42(2) पाहा. मालकी राजनैतिक अधिकाऱ्याकडून गेली की खास नोंदणी तिथेच संपते. निळी पाटी उतरवून, नेहमीची नोंदणी झाल्याशिवाय ती गाडी रस्त्यावर आणता येत नाही. आयात गाडीचं सीमाशुल्क कोणी भरलं त्याची पावती पाहूनच पैसे द्या.