इंटरप्ट आला की कर्नल काय करतो, आणि काय मुद्दाम नंतरसाठी ठेवतो

समजा कोणी खूप भराभर टाइप करतंय, सेकंदाला १० अक्षरं. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला त्यातल्या दोन अक्षरांच्या मधे ३० कोटी क्लॉक सायकल मिळतात. एवढा सगळा वेळ तो "आलं का अक्षर, आलं का" असं विचारत बसला तर दुसरं काहीच होणार नाही, म्हणून हार्डवेअरलाच सोय करून दिलीय की तुझ्याकडे काही आलं की तू सांग, तोवर मी माझं काम करतो. हा झाला इंटरप्ट. इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं आणि बरेचसे लेख इथेच थांबतात. मला मात्र यातला सगळ्यात सुंदर भाग पुढचा वाटतो. हार्डवेअरने सांगितल्यावर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्या क्षणी जवळपास काहीच करत नाही, आणि ते "काहीच न करणं" जमवायला फार विचार लागलाय.

आधी त्या क्षणी काय होतं ते बघू. प्रोसेसर साधारणपणे एक इन्स्ट्रक्शन संपून दुसरी सुरू व्हायच्या मधे इंटरप्टकडे लक्ष देतो. आता पुढची इन्स्ट्रक्शन कुठली होती तो पत्ता, फ्लॅग्ज (प्रोसेसरच्या स्थितीच्या खुणा), स्टॅक पॉइंटर एवढं हार्डवेअर स्वतःच स्टॅकवर (मेमरीतल्या तात्पुरत्या नोंदींच्या जागेवर) ठेवतं आणि एका टेबलमधून कुठे उडी मारायची ते शोधतं. आपल्या नेहमीच्या एक्स८६ प्रोसेसरवर या टेबलमध्ये २५६ नोंदी असतात, पहिल्या ३२ प्रोसेसरच्या स्वतःच्या भानगडींसाठी राखीव (शून्याने भागलं तर ० नंबरची, पेज फॉल्ट झाला तर १४ नंबरची), बाकीच्या डिव्हाइस वगैरेंसाठी. उरलेली रजिस्टर्स (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठवणजागा) कर्नलचा असेंब्लीत लिहिलेला छोटासा कोड जपून ठेवतो, काम झालं की सगळं जसंच्या तसं परत जागेवर, आणि जो प्रोग्राम मधेच थांबला होता तो पुढे चालू. त्याला याचा पत्ताही लागता कामा नये. एक रजिस्टर जरी परत ठेवताना बदललं तरी त्या प्रोग्रामचं गणित चुकणार, आणि वाईट म्हणजे तोच प्रोग्राम परत चालवला तर बहुतेक बरोबर उत्तर येणार, कारण या वेळी इंटरप्ट वेगळ्या ठिकाणी आला.

ही भीती काही आजची नाही. १९५० च्या दशकाच्या शेवटी नेदरलँड्समध्ये इलेक्ट्रोलॉजिका एक्स१ नावाचं मशीन बनत होतं आणि त्यात इंटरप्टची सोय टाकायचं ठरत होतं, तेव्हा त्याचं सॉफ्टवेअर लिहिणारे एड्सगर डाइकस्ट्रा चांगलेच घाबरले होते, असं त्यांनीच नंतर लिहून ठेवलंय. परत परत चालवून पकडता येत नाही अशा चुका होतील ही त्यांची काळजी होती. शेवटी त्यांनी तो कोड लिहिलाच, शिवाय १९५९ ची त्यांची पीएचडी पण याच कामावर आहे. मला वाटतं अनेक कामं एकाच वेळी चालू असताना कुठे काय बिघडू शकतं याचा एवढा काटेकोर विचार ते पुढे आयुष्यभर करत राहिले त्याची मुळं इथेच असावीत.

आता हँडलरचं बघू, म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणारा ड्रायव्हरचा (त्या डिव्हाइसला हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) कोड. तो फार विचित्र जागी उभा असतो. त्याची स्वतःची अशी प्रोसेस नाही, जो कोणी तेव्हा चालू होता त्याच्या डोक्यावर येऊन बसलेला असतो, त्यामुळे त्याला झोपता येत नाही. झोपता येत नाही म्हणजे डिस्कवरून काही येईपर्यंत थांबू, मेमरी मोकळी होईपर्यंत थांबू, असलं काही करता येत नाही, कारण शेड्युलरला (कोण कधी चालणार ते ठरवणाऱ्या कर्नलच्या भागाला) बाजूला ठेवता येईल आणि नंतर उठवता येईल असं तिथे स्वतंत्र काही नाहीच, बाजूला ठेवलाच तर तो बिचारा भलताच प्रोग्राम अडकणार. तरी कोणी तसा कोड लिहिला तर लिनक्स लॉगमध्ये सरळ "शेड्युलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक" म्हणून ओरडतो.

लॉकचं प्रकरण याहून अवघड. समजा ड्रायव्हरच्या साध्या कोडने एक स्पिनलॉक (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) घेतलाय आणि नेमका तेव्हाच, प्रोसेसरच्या त्याच कोअरवर, त्याच डिव्हाइसचा इंटरप्ट आला. हँडलरला तोच लॉक हवाय. तो लॉक सुटायची वाट बघत गोल गोल फिरत बसणार आणि लॉक ज्याच्याकडे आहे तो कोड हँडलर संपल्याशिवाय पुढे सरकू शकत नाही. कोअर कायमचा अडकला. म्हणून असा लॉक घेताना त्या कोअरवरचे इंटरप्ट आधी बंद करायचे आणि सोडताना पहिल्यासारखे करायचे असा नियम आहे, नवीन ड्रायव्हर लिहिणाऱ्याने सगळ्यात आधी हाच पाठ करावा असं मी म्हणेन. पण इंटरप्ट बंद म्हणजे तेवढा वेळ तो कोअर बाहेरच्या जगासाठी बहिरा, टायमरचं ऐकत नाही, नेटवर्कचं ऐकत नाही. हँडलर चालू असताना पण लिनक्समध्ये त्या कोअरवर हीच अवस्था असते. म्हणजे जितका वेळ आत घालवाल तितकं बाहेर तुंबणार.

यावरचा उपाय म्हणजे कामाचे दोन तुकडे. कुरिअरवाला आला की आपण सही करून पाकीट टेबलावर ठेवतो, उघडून वाचतो नंतर, तसंच. पहिल्या तुकड्याला टॉप हाफ म्हणतात, दुसऱ्याला बॉटम हाफ. नेटवर्क कार्डने पॅकेट आधीच स्वतःहून रॅममध्ये नेऊन ठेवलेलं असतं, टॉप हाफने फक्त कार्डाला "कळलं, आता गप्प बस" सांगायचं आणि बाकीचं काम सॉफ्टआयआरक्यू, म्हणजे थोड्या वेळाने करायचं काम, म्हणून नोंदवून निघून यायचं. मग इंटरप्ट परत चालू झाल्यावर निवांत पॅकेट उघडा, कुठल्या प्रोग्रामचं आहे ते शोधा, सगळं करा. तिथेही शिस्त आहेच, साधारण २ मिलिसेकंद किंवा १० फेऱ्या होऊनही काम उरलं तर ते त्या कोअरच्या एका कर्नल थ्रेडकडे जातं आणि तो बाकीच्या प्रोग्रामसारखा रांगेत उभा राहतो. ज्या कामात झोपायला लागणारच आहे त्याच्यासाठी वर्कक्यू (थ्रेडकडून करून घ्यायच्या कामांची रांग) आहे, नाहीतर आख्खा हँडलरच थ्रेड म्हणून चालवायचा.

एवढं करूनही भागलं नाही, कारण नेटवर्क वेगवान होत गेलं. १० गिगाबिटच्या लाइनवर सगळ्यात छोटी पॅकेट्स आली तर सेकंदाला १ कोटी ४८ लाखांच्या वर येतात, म्हणजे एका पॅकेटला जेमतेम ६७ नॅनोसेकंद, ३ गिगाहर्ट्झवर २०० सायकल. प्रत्येक पॅकेटला इंटरप्ट दिला तर नुसतं आत शिरण्यात आणि बाहेर पडण्यात सगळा वेळ जाणार. मशीन शंभर टक्के बिझी दिसतं, सतत पॅकेट घेतंय, पण एकही पॅकेट शेवटपर्यंत पोहोचत नाही कारण बॉटम हाफला वेळच मिळत नाही. याला रिसीव्ह लाइव्हलॉक म्हणतात, मोगल आणि रामकृष्णन यांचा १९९६ चा पेपर यावरच आहे आणि उपायही त्यांनीच दाखवला: गर्दी झाली की इंटरप्ट बंद करा आणि आपणहून विचारा. लिनक्समध्ये ही कल्पना नॅपी नावाने आली. पहिलं पॅकेट इंटरप्ट देतं, कर्नल त्या कार्डाचे इंटरप्ट बंद करतो आणि मग स्वतःच जाऊन एका वेळी साधारण ६४ पर्यंत पॅकेट्स उचलतो, रांग रिकामी झाली की इंटरप्ट परत चालू. म्हणजे शांततेत इंटरप्ट आणि गर्दीत पोलिंग (आपणहून विचारत राहणं), जे टाळायला इंटरप्ट आणला तेच गरजेपुरतं परत, आणि माझ्या मते कर्नलमधल्या सगळ्यात देखण्या कल्पनांपैकी ही एक.

कधी डिव्हाइसच बिघडतं आणि विनाकारण इंटरप्ट देत सुटतं. जुन्या पीसीआयमध्ये (कार्डं कॉम्प्युटरला जोडायची पद्धत) एकाच वायरवर बरीच डिव्हाइस असायची, त्यामुळे कर्नल प्रत्येक ड्रायव्हरला विचारतो हा तुझा का, आणि १ लाख इंटरप्टपैकी ९९,९०० पेक्षा जास्त कोणीच आपले म्हणाले नाहीत तर ती लाइनच बंद करून टाकतो. आता पीसीआय एक्सप्रेसमध्ये वेगळी वायर लागत नाही, डिव्हाइस एका ठरलेल्या पत्त्यावर मेमरीत लिहितं तोच इंटरप्ट, आणि या पद्धतीच्या एमएसआय-एक्स नावाच्या प्रकारात एका डिव्हाइसला असे २,०४८ पर्यंत मिळू शकतात, त्यामुळे प्रत्येक कोअरची रांग वेगळी ठेवता येते. (यूएसबी की-बोर्ड मात्र प्रोसेसरला थेट इंटरप्ट देतच नाही, यूएसबी कंट्रोलर त्याला ठरावीक वेळाने विचारत राहतो आणि काही मिळालं तर मग कंट्रोलर इंटरप्ट देतो.)

रोबोट, ऑडिओ, कारखान्यातली यंत्रं यांना वेगापेक्षा वेळेची खात्री जास्त लागते, त्यांच्यासाठीचा रिअल-टाइम पर्याय बरीच वर्षं वेगळा पॅच (मुख्य कोडवर वरून लावायचा बदल) म्हणून सांभाळला गेला आणि २०२४ मध्ये लिनक्स ६.१२ मध्ये मुख्य कर्नलमध्ये आला. त्यात बहुतेक हँडलर थ्रेड म्हणूनच चालतात, म्हणजे महत्त्वाचं काम चालू असेल तर इंटरप्टचं कामसुद्धा थांबून राहतं.

लिनक्स असेल तर हे सगळं स्वतः बघता येतं, प्रॉक फोल्डरमध्ये इंटरप्ट्स नावाची फाइल आहे, ती उघडली की कुठल्या डिव्हाइसने कुठल्या कोअरला किती वेळा हाक मारली त्याचे आकडे दिसतात. एखादी मोठी फाइल डाउनलोड करताना थोड्या थोड्या वेळाने ती बघा आणि नेटवर्क कार्डाच्या ओळी आलेल्या पॅकेट्सच्या आकड्याशी ताडून पाहा, पॅकेट्स धडाधड वाढत असतात आणि इंटरप्ट्सचा आकडा बहुतेक वेळा त्यांच्या बराच मागे असतो.