टेक्सस राज्य खजिनदार

टेक्सस राज्य खजिनदार : अमेरिकेतील टेक्सस राज्याचे एक लोकनियुक्त पद. १ सप्टेंबर १९९६ रोजी ते संपुष्टात आले.

पदाचा आरंभ कोठून धरावा, याविषयी एकवाक्यता नाही. काही याद्या टेक्सस प्रजासत्ताकाचे खजिनदार एसा ब्रिगम यांच्यापासून सुरू होतात. परंतु १८४५ च्या संविधानानुसार खजिनदाराची निवड विधिमंडळाची दोन्ही सभागृहे मिळून करीत. ती मतदारांच्या हाती आली १८५० च्या घटनादुरुस्तीने. लोकनियुक्त पद म्हणून त्याचा इतिहास तेथून मोजणे अधिक सयुक्तिक. गव्हर्नर डेव्हिस यांनी १८७२ मध्ये जॉर्ज हनी यांची जागा रिकामी ठरवून दुसरा खजिनदार नेमला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र हक्क हनी यांचाच मानला.

ज्याच्या हाती लेखणी त्याच्या हाती तिजोरी नसावी, हे या पदामागचे तत्त्व. कंट्रोलर, म्हणजे राज्याचा हिशेब-अधिकारी, हिशेब राखी आणि देण्यांची वॉरंटे काढी. रोकड खजिनदाराकडे असे व वॉरंट आल्यावर पैसे तो चुकते करी. वॉरंट दिसायला धनादेशासारखे, पण ते बँकेवर नव्हे तर खजिन्यावर काढलेले असे. निधीत शिल्लक नसली की ते अडे आणि धारकाला थांबावे लागे, नाहीतर कसर सोसून ते विकावे लागे; १९३० नंतरच्या मंदीत हे घडले. रोकड सांभाळणे हे जोखमीचेच काम होते : ११ जून १८६५ रोजी, यादवी युद्ध संपता संपता, ऑस्टिनमधील खजिना फोडून दरोडेखोरांनी सुमारे १७,००० डॉलरची सोन्याचांदीची नाणी नेली.

१८७६ च्या संविधानाने मुदत दोन वर्षांची ठेवली. १९७२ च्या दुरुस्तीने ती चार वर्षांची झाली. जेसी जेम्स १९४१ ते १९७७ पदावर होते. १९८३ मध्ये आलेल्या अ‍ॅन रिचर्ड्स यांनी आलेले धनादेश तातडीने बँकेत भरण्याची व्यवस्था लावली. धनादेश जितके दिवस टेबलावर पडून, तितके दिवसांचे व्याज बुडे.

मार्था व्हाइटहेड यांची १९९३ मध्ये नेमणूक झाली. हे पदच रद्द करू, असे सांगून त्यांनी १९९४ ची निवडणूक जिंकली. ७ नोव्हेंबर १९९५ रोजी मतदारांनी पद रद्द करणारी घटनादुरुस्ती मंजूर केली. भरणा, देणी, बेवारस मालमत्ता आणि स्थानिक संस्थांचा ‘टेक्सपूल’ हा गुंतवणूक निधी, सारे कंट्रोलरकडे गेले. खर्च वाचला, पण लेखणी आणि तिजोरी एका हाती आल्या, हा आक्षेप गंभीर आहे. बाहेरून तपासणी करतो तो राज्य लेखापरीक्षक. त्याला विधिमंडळाची समिती नेमते.